आयडलिंगला लयीत येणारा आवाज: आधी ठोके मोजा, मग पार्ट बदला

गाडी चालू ठेवून उभी असताना बॉनेटखालून लयीत येणारा आवाज गॅरेजच्या एका फेरीत क्वचितच सुटतो. पहिल्या वेळी प्लग बदलले जातात, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ होते आणि गाडी गप्प होते. दोन-तीन आठवड्यांनी सिग्नलला उभं राहिलं की तोच आवाज परत. पुढच्या वेळी प्लगला वीज देणारी कॉइल, त्याच्या पुढच्या वेळी इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनाला धरून ठेवणारे रबरी आधार. बिलं वाढत जातात, आवाज तसाच राहतो, आणि शेवटी "या मॉडेलला एवढा आवाज असतोच" हे ऐकून मालक घरी येतो.

अशा आवाजातली सगळ्यात मोलाची माहिती त्याच्या लयीत असते, आणि नेमकी तीच कुणी टिपून ठेवत नाही. आवाज टकटक आहे की घरघर, यावर सगळे बोलतात. तो सेकंदाला किती वेळा येतो असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. इंजिनाचा प्रत्येक फिरणारा भाग ठरलेल्या वेगानं फिरतो, त्यामुळे ठोके मोजले की बरेचसे संशयित पाना न लावताच बाद होतात.

मोजायचं कसं

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या दाखवणारा काटा, बघा. बहुतेक पेट्रोल गाड्यांचं आयडलिंग ६५० ते ८५० फेऱ्यांच्या दरम्यान असतं. ते ७५० धरू. मिनिटाला ७५० म्हणजे क्रँकशाफ्ट, पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, सेकंदाला साडेबारा वेळा फिरतो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगानं, म्हणजे सेकंदाला सव्वासहा वेळा. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणून कुठल्याही एका सिलिंडरशी बांधलेला आवाजही सेकंदाला सव्वासहा वेळाच येणार. चारही सिलिंडरचे मिळून सेकंदाला २५ ठोके होतात. वॅगन आर १.० किंवा टियागोसारख्या तीन सिलिंडरच्या गाडीत ते पावणेएकोणीस.

सेकंदाला २५ ठोके कानाला सुटे ऐकू येत नाहीत, त्यांची सलग घरघर होते. सहा ठोके भराभर टकटकल्यासारखे वाटतात, जेमतेम मोजता येतात. आणि जो आवाज तुम्ही आरामात मोजू शकता, सेकंदाला एक किंवा दोन सेकंदांनी एक, तो क्रँक किंवा कॅमच्या फेऱ्यांशी बांधलेला नसतो. इतक्या सावकाश तिथे काहीच फिरत नाही. मग तो इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेचा असतो, थांबून-थांबून चालू होणाऱ्या एखाद्या भागाचा असतो, किंवा दोन आवाजांच्या मिसळण्यातून तयार झालेला असतो. या एका फरकावरच बहुतेक चुकीची बिलं टळतील, असं माझं ठाम मत आहे.

कानावर भरवसा नसेल तर मोबाइलवर दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करा आणि अर्ध्या वेगानं ऐका. आवाज संपादनाच्या कुठल्याही फुकट ॲपमध्ये लहरींचं चित्र दिसतं, त्यातले उंचवटे मोजता येतात. हेच रेकॉर्डिंग पुढे मेकॅनिकला ऐकवायलाही लागणार आहे, कारण गॅरेजच्या दारात गाडी हमखास शहाण्यासारखी वागते.

मग हलकी रेस देऊन इंजिन १५०० वर धरा. ठोके दुप्पट झाले तर आवाज इंजिनाच्या फिरण्याशी बांधलेला आहे. ठोके होते तेवढेच राहिले तर तो विजेवर चालणाऱ्या भागाचा, म्हणजे पंखा, पेट्रोल पंप किंवा पर्ज व्हॉल्व्ह (पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) यांचा. आवाज साफ गेलाच तर आयडलिंगचं नियंत्रण किंवा माउंटिंग यांच्याकडे वळा.

हे सगळं मोकळ्या हवेत करा, बंद पार्किंगमध्ये नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी बॉनेटजवळ नको. रेडिएटरचा पंखा किल्ली काढल्यावरही अचानक फिरू शकतो, हेही लक्षात असू द्या.

सावकाश ठोका: वुंऽ... वुंऽ... वुंऽ

परत-परत येणारी तक्रार बहुतेक वेळा हीच असते. टॅकोमीटरचा काटा आवाजाबरोबर वर-खाली झुलताना दिसला तर निदान अर्धं झालंच. याला गॅरेजमध्ये "हंटिंग" म्हणतात.

आत घडतं ते असं. थ्रॉटलला बगल देऊन कुठून तरी जादा हवा इंजिनात शिरते. फेऱ्या ठरलेल्या आकड्याच्या वर जातात. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, थ्रॉटल आवळतो, फेऱ्या गरजेपेक्षा खाली येतात, तो परत सैल करतो. गळती मोठी असेल तर फेऱ्या इतक्या चढतात की, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना वेग जास्त आहे म्हणजे गाडी उतारावर आहे, असं समजून ईसीयू पेट्रोलच तोडतो. फेऱ्या कोसळतात, पेट्रोल पुन्हा सुरू होतं, आणि चक्र चालू राहतं. तुम्हाला ऐकू येतो तो या चढ-उताराचा श्वास.

थ्रॉटल साफ केल्यावर हे काही दिवस का थांबतं? साफ करताना बॅटरीची तार काढली जाते किंवा ईसीयू वाचणाऱ्या स्कॅनरनं त्याची शिकलेली मूल्यं पुसली जातात. तो कोऱ्या पाटीवरून सुरुवात करतो. शिवाय हवेचा पाइप काढून परत बसवताना चिरलेली रबरी नळी जरा वेगळ्या कोनात बसते आणि चीर तात्पुरती मिटते. काही आठवड्यांत ईसीयू पुन्हा शिकतो, नळी पुन्हा सैल पडते. आवाज परत आला याचा अर्थ साफसफाई वाईट झाली असा नव्हे. मूळ दोष थ्रॉटलमध्ये नव्हताच. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, की नेमकं काय केल्यावर आवाज किती दिवस गेला होता?

नाशिकच्या माझ्या मावसभावाची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक अगदी या वळणानं गेली. थंड इंजिनावर आवाज नाही. दहा-पंधरा मिनिटं ट्रॅफिकमध्ये चालवली की दर दीड-दोन सेकंदांनी घुमायची. एसी लावला की गप्प. एसीमुळे गेला म्हणून सगळ्यांनी कॉम्प्रेसरकडे बोट दाखवलं होतं. पण एसी लावल्यावर ईसीयू आयडलिंग शे-दीडशे फेऱ्यांनी वाढवतो आणि इंजिनावर भारही येतो. त्या वाढलेल्या हवेत छोटी गळती झाकली जाते, एवढाच त्याचा अर्थ होता.

स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम बघितली. ईसीयू नेहमीच्या हिशेबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय, ते हा आकडा सांगतो. निरोगी गाडीत तो शून्याच्या आसपास, पाच टक्के इकडे-तिकडे असतो. इथे आयडलिंगला अधिक १८ होता, आणि २५०० फेऱ्यांवर नेल्यावर अधिक ३ वर आला. ही हवेच्या गळतीची जवळजवळ सही समजा. छिद्रातून शिरणारी हवा आयडलिंगला एकूण हवेचा मोठा हिस्सा असते, आणि जास्त फेऱ्यांवर तीच नगण्य ठरते. पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर फेऱ्या वाढवताना हा आकडा आणखी बिघडला असता.

मग नळ्या एकेक करून दाबून बघितल्या. पक्कडीच्या जबड्यांना कापड गुंडाळायचं, नळी हलकेच चिमटायची आणि चार-पाच ठोक्यांचा वेळ थांबायचं. पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरची नळी दाबली, फरक नाही. ब्रेक बूस्टरची दाबली, फरक नाही. क्रँककेसमधली वाफ परत खेचणारी पीसीव्हीची नळी दाबली आणि काटा जागच्या जागी थांबला. नळी काढून वाकवली तेव्हा वळणाच्या खालच्या अंगाला, वरून कधीच न दिसणारी चीर सापडली. थंड असताना रबर ताठ आणि चीर मिटलेली, तापल्यावर मऊ होऊन उघडलेली. नळी आणि क्लिप बदलली, विषय संपला.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. ट्रिमचा हा नियम हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीला चपखल बसतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत त्याऐवजी मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. जादा शिरलेली हवा या सेन्सरच्या हिशेबात येते, त्यामुळे ट्रिम फारशी हलत नाही, नुसतं आयडलिंग वर चढतं. अशा गाडीत "ट्रिम ठीक आहे, म्हणजे गळती नाही" हा निष्कर्ष चुकतो. स्कॅनरवर पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हा कोड नसेल पण पी ०५०७, म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा जास्त, असा असेल तर गळतीचा शोध सोडू नका.

मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारा जुना व्हॅक्यूम गेज कुणाकडे असेल तर तो इथे फार कामाचा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन १७ ते २२ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा. पुणे ५६० मीटरवर आहे, म्हणजे तिथे दोनेक इंच कमी दिसले तर घाबरायचं कारण नाही. महाबळेश्वरला चार-साडेचार इंच कमी दिसतील. काटा सावकाश झुलत असेल तर मिश्रण किंवा हवेचा प्रश्न आहे. ठरावीक वेळानं एकच झटका खाऊन परत येत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

गळती शोधायला ब्रेक क्लीनर किंवा पेट्रोल फवारायची पद्धत अजून चालते. मला ती अजिबात मान्य नाही. खाली तापलेला एक्झॉस्ट असतो, आणि सीएनजी गाडीत तर धोका कैक पटींनी वाढतो. साध्या पाण्याचा बारीक फवारा जोडांवर मारा, विजेचे कनेक्टर वाचवून. पाणी क्षणभर फट बुजवतं आणि ठोका बदलतो. त्यानंही सापडलं नाही तर धुराचं यंत्र असलेलं गॅरेज गाठा. हवेच्या मार्गात धूर सोडतात आणि तो जिथून बाहेर येतो तिथे फट असते.

सावकाश ठोक्याची आणखी दोन कारणं पटकन तपासता येतात. ऑइल भरण्याचं झाकण चालू इंजिनावर उचलून बघा. थोडी ओढ चालते, पण झाकण चिकटून बसल्यासारखं खेचलं जात असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पीसीव्हीचा पडदा फाटलाय. दुसरं, एसीतला गॅस कमी झाला असेल तर कॉम्प्रेसरचा क्लच दर काही सेकंदांनी लागतो-सुटतो. प्रत्येक वेळी टक आणि मागोमाग इंजिनाचा सुस्कारा. कॉम्प्रेसरच्या पुढच्या चकतीकडे टॉर्च मारून अर्धा मिनिट बघितलंत की दिसेल. हा आवाज एसी बंद केल्यावर जातो, हंटिंग मात्र बहुधा एसी बंद असतानाच येतं.

काटा स्थिर, तरी आवाज घुमतोय

फेऱ्या जराही हलत नाहीत, आणि तरी आवाज फुगतो-ओसरतो. इथे लोक सगळ्यात जास्त चकतात. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या की दोन्हींच्या मिसळण्यातून एक सावकाश लहर येते, आणि तारा सुरात येत जातील तशी ती मंदावते. गाडीतही हेच होतं. काही गाड्यांना रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर यांचे असे दोन पंखे असतात. एक सेकंदाला ४० फेऱ्या घेतोय आणि दुसरा ३९, तर केबिनमध्ये सेकंदाला एक अशी "वांव-वांव" येते. दोन्ही पंखे निरोगी असतात, आवाज त्यांच्या फरकाचा असतो.

एसी बंद करून एक पंखा थांबला की लहर थांबते का, बघा. थांबली तर पाती, त्यांच्यावरचा चिखल-पालापाचोळा आणि पंख्याचे रबरी बुश तपासा. एका पंख्याचं बेअरिंग जड झालं की त्याचा वेग उतरतो आणि आधी न जाणवणारी लहर जाणवायला लागते. गाडी वर्षानुवर्षं शांत होती आणि उन्हाळ्यात अचानक घुमायला लागली, तर मी आधी इथे बघेन.

भराभर ठोका: सेकंदाला सहा

हा एका सिलिंडरचा किंवा कॅमच्या बाजूचा. आधी दोन निर्दोष गोष्टी बाजूला काढा. सीएनजीचे इंजेक्टर पेट्रोलच्या इंजेक्टरपेक्षा बरेच जोरात टकटकतात. गाडी पेट्रोलवर टाका, आवाज गेला तर तो तिथलाच. दुसरा पर्ज व्हॉल्व्ह, गरम इंजिनावर टिकटिक करणं हे त्याचं काम आहे. बोट ठेवलं की ठोका बोटाला लागतो. मात्र टाकी पूर्ण भरल्यावर गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल, तर तो उघडाच अडकलाय का ते बघा.

गाडी मिसिंग करत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तर स्कॅनर पी ०३०१ ते पी ०३०४ यांपैकी कोड देतो, शेवटचा आकडा सिलिंडरचा. समजा पी ०३०२ आला. लगेच नवी कॉइल घेऊ नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल दोषी. दुसऱ्यावरच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन, याच क्रमानं. पैसे लागत नाहीत आणि पुरावा पक्का मिळतो.

सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरून बघा. निरोगी इंजिन त्याला सलग बाहेर ढकलतं. मधूनच कपटा आत ओढला जात असेल तर मिसिंग आहे किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. सीएनजीवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात आणि टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचं, अंतर कमी होत जातं. टॅपेट घट्ट झाला की तो आवाज करत नाही, म्हणून कानाला हा दोष उशिरा कळतो. अशा गाडीत कंपनीनं सांगितलेल्या अंतरानं टॅपेट मोजून घ्या, आवाजाची वाट बघू नका.

सकाळी थंड इंजिनावर "फट-फट-फट" आणि दहा मिनिटांत गायब, हा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून जाणारा धूर. धातू तापून फुगतो आणि फट मिटते. फटीभोवती काळा डाग शोधा.

बेल्ट, पुली आणि बाकीचं

सेकंदाला दोन ते पाच, असा क्रँक किंवा कॅमच्या हिशेबात न बसणारा ठोका असेल तर बेल्ट बघा. क्रँकपुली १४ सेंटीमीटर व्यासाची असेल तर तिचा घेर ४४ सेंटीमीटर. सेकंदाला साडेबारा फेऱ्यांत बेल्ट साडेपाच मीटर सरकतो. तो ११० सेंटीमीटर लांबीचा असेल तर त्याचा एकच तुटलेला दात किंवा भेग सेकंदाला पाच वेळा पुलीवर येईल. इंजिन बंद करून बेल्ट पूर्ण तपासा, आतल्या अंगानंही.

क्रँकपुलीत मधल्या भागाला बाहेरची कडी रबरानं चिकटवलेली असते. दोन्हींवर आडवी खडूची रेघ मारा आणि गाडी दोन दिवस चालवा. रेघ तुटून सरकली असेल तर रबर सुटलंय आणि पुली बदलावीच लागेल. इथे ठोका सेकंदाला साडेबारा, म्हणजे जाड घुरघुर.

बेअरिंगसाठी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटर, टेन्शनर, वॉटर पंप यांच्या स्थिर भागावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावतात. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप त्यापेक्षा सुरक्षित, आणि तो फारसा महागही नाही. अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनावर बॅटरीची तार कधीही काढू नका, व्होल्टेज उसळून ईसीयू जाऊ शकतो.

बाहेर उभं राहिल्यावर आवाज नाही, आत बसल्यावर आहे, असं असेल तर माउंटिंग, किंवा बॉडीला टेकलेला एखादा पाइप. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबून "डी" टाकल्यावर वाढला तर माउंटिंगच आधी.

मॅन्युअल गाडीत क्लच दाबून बघणं तर सगळ्यात सोपं. दाबल्यावर आवाज आला तर रिलीज बेअरिंग, दाबल्यावर गेला तर गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्टचं बेअरिंग. डिझेलमध्ये क्लच दाबल्यावर खडखड बदलत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हीलही (इंजिनाचे धक्के शोषणारं दोन भागांचं जड चाक) संशयित. बीएस ६ डिझेलमध्ये अधूनमधून आयडलिंग वाढून पंखा जोरात चालला, तर ती डीपीएफमधली, म्हणजे धुराच्या फिल्टरमधली, काजळी जाळत असण्याचा संभव आहे. शक्य असेल तर गाडी बंद न करता ते पूर्ण होऊ द्या.

गॅरेजला जाताना

कागदावर एवढं लिहून न्या: इंजिन थंड की गरम, किती फेऱ्यांवर, सेकंदाला किंवा मिनिटाला किती ठोके, रेस दिल्यावर काय, एसीनं काय, क्लचनं काय, आणि याआधी काय केल्यावर किती दिवस गेला होता. सोबत रेकॉर्डिंग. "आवाज येतोय" म्हणून सोडलेली गाडी आणि हा कागद देऊन सोडलेली गाडी यांच्यावर होणाऱ्या कामात फार फरक पडतो, कारण चांगल्या मेकॅनिकलाही गर्दीत पंधरा मिनिटंच मिळतात.

एका वेळी एकच बदल करायला सांगा. प्लग, कॉइल आणि नळी एकदम बदलली आणि आवाज गेला, तर तो कशानं गेला हे कळत नाही आणि परत आला तर शोध पहिल्यापासून. काढलेला पार्ट मागून घ्या आणि नीट वाकवून, उलटून बघा.

गाडी ताब्यात घेताना ती आवाज ज्या परिस्थितीत यायचा त्याच परिस्थितीत तपासा. गरम इंजिनावर येत असेल तर वीस मिनिटं चालवून आणून मग उभी करा, एसी बंद ठेवा. शिकलेली मूल्यं पुसली असतील तर त्याच दिवशीची शांतता ग्राह्य धरू नका. गाडी आठवडाभर रोजच्या रस्त्यावर चालवा आणि मग आयडलिंगची ट्रिम पुन्हा वाचून घ्या. मॅप सेन्सरची गाडी असेल तर आयडलिंगच्या फेऱ्या वाचा.